उल्कासुराचं मरण

माझ्या वर्गातली शीला साळवे शाळा सोडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मला पुन्हा दिसली, ती मार खाताना. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड आहे. मी दारातून डोकावले, तर एक हिरवट काळं धूड गुडघ्यांवर आलं होतं आणि चंदेरी कपडे घातलेली सात-आठ माणसं त्याला दांडक्यांनी झोडपत होती. एकानं मानेवर हाणलं. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. तिसऱ्यानं शेपूट धरून त्याला फरशीवरून फरफटत नेलं आणि भिंतीवर आपटलं. मग कुणीतरी पत्र्याचा डबा खडखडा वाजवला, तसे मारणारे थांबले आणि पाण्याच्या जारकडे गेले. धुडाच्या पाठीची चेन उघडली. आतून घामानं निथळणारी एक उंच, रुंद खांद्यांची बाई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही लवकर आलात. चहा दिला का कुणी?"

माझा चेहरा बघून ती हसली. "सोफ्याचा फोम आहे हो बाई. लागत नाही." मग पाठ चोळत म्हणाली, "म्हणजे, फार लागत नाही."

शाळेत असताना ती कबड्डी खेळायची. तिच्या पकडीत एकदा पाहुण्या शाळेतल्या मुलीचं मनगट मोडलं होतं. शीला त्या मुलीच्या घरचा पत्ता काढून तिथे गेली, तिचा राहिलेला अभ्यास लिहून देत बसली, आणि पुढच्या सामन्यात दुसऱ्या मुलीला तितक्याच जोरात आपटली. तिच्या मनात या दोन गोष्टींची कधी भांडणं झाली नाहीत. शेपूट धरून फरफटत नेणारा राजेंद्रही त्याच काळातला. तो तिच्याच गल्लीतला, तिच्याबरोबर त्याच मैदानावर खेळून मोठा झालेला. तिला 'शीले' म्हणणारा आता तो एकटाच उरला होता.

ही शेड म्हणजे 'शुक्रगड' या मालिकेचा शुक्र. माणसांनी शुक्रावर वसवलेल्या एका गडाची ही गोष्ट लहान मुलांसाठी सुरू झाली. ती मुलं मोठी झाली तरी बघत राहिली, म्हणून दुसरं पर्व आलं, मग तिसरं. दुसऱ्या पर्वापासून संवादांचं मराठी तपासायला मला बोलावू लागले. माझं काम तेवढंच. पण मीटिंगला मलाही खुर्ची द्यायचे, त्यामुळे गोष्टीतले निर्णय कसे होतात ते जवळून दिसलं.

उल्कासुर हा शुक्रगडाचा शत्रू. तो खरं तर सुरुवातीलाच मरायचा होता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या हरेशभाईंनी सोफ्याचा फोम आणि रेक्झिन वापरून त्याचा पोशाख शिवला. पहिल्याच दिवशी चिकटवायचं सोल्यूशन जास्त झालं आणि जबडा चिकटून बसला, म्हणून उल्कासुर बोलत नाही असं ठरलं. आत शिरलेल्या शीलाला फक्त डाव्या नाकपुडीतून बाहेरचं दिसायचं, म्हणून ती अंग तिरकं करून चालायची. लेखकांनी मागाहून त्याला कारण दिलं की उल्कासुराच्या ग्रहावर वारा एकाच बाजूनं वाहतो. ही तिरकी चाल पोरांना इतकी आवडली की शाळाशाळांच्या मैदानात पोरं तिरकी चालत एकमेकांचे गळे धरू लागली. मग त्याला मारायचं कुणाच्या मनात येईना. त्यानं तीन पर्वांत किती जणांच्या माना मुरगळल्या, किती जणांना गडाच्या तटावरून खाली फेकलं, याला हिशेब नाही. आत एक बाई आहे हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

मारामारीची एक रीत पडून गेली होती. पोशाखाच्या आत दिसत नाही आणि बोललेलं नीट ऐकूही येत नाही. म्हणून हरेशभाई कॅमेऱ्यामागे बसून ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे डोकं खाली. लागोपाठ दोन म्हणजे उठ. खडखडाट म्हणजे सगळं थांबलं. त्यांनी आधी हलगी आणली होती, कातड्याचा आवाज आत चांगला घुमतो म्हणून. शीलाची आई सुंदराबाई तेव्हा सेटवर आली होती. तिनं हलगी बघितली आणि सरळ सांगितलं, "माझ्या सासऱ्यानं छप्पन्न साली गावकीची कामं सोडली, त्या दिवशी हलगी नदीत टाकली. तिच्या तालावर माझी पोरगी नाचणार नाही. मार खायला लावा हवं तर." हरेशभाई सिंधी माणूस, त्यांना यातलं सगळं कळलं असं नाही. पण त्यांनी वाद घातला नाही. कोपऱ्यात तेलाचा रिकामा डबा पडला होता, तो घेतला. तेव्हापासून डबाच. शीलाचं शरीर त्या पत्र्याला इतकं बांधलं गेलं होतं की घरी भांडी पडली तरी तिची मान हलायची.

तिसरं पर्व शेवटचं, असं वाहिनीनं ठरवलं. पुष्कर नावाचा नवा क्रिएटिव्ह हेड आला. सडपातळ, नम्र, चष्मा सारखा पुसणारा. तो लहानपणी शुक्रगड बघून वाढला होता. पहिल्याच मीटिंगला म्हणाला, "मी या उल्कासुराला घाबरून पलंगाखाली झोपायचो. त्याला खोटं मरण देणार नाही मी."

त्याच्या मनात शेवट पक्का होता. गडाच्या नायकाचं काम करणारा गंधार पाइपनं वार करणार आणि मग सगळे गडकरी मिळून उल्कासुराला ठेचून मारणार. एकाच शॉटमधे, कुठे न कापता. त्यासाठी मुंबईहून एक नावाजलेला स्टंटमन येणार होता.

शीला तोवर पोशाखाचा खांदा शिवत बसली होती. तिनं दोरा तोंडानं तोडला. "उल्कासुर मरणार तर मीच."

"तुम्हाला मारणार गंधार आहे," पुष्कर म्हणाला.

"मारू दे त्याला. मरणार मी. इतकी वर्षं याच्या आत मी मार खाल्लाय. मरायला पाहुणा आणणार होय?"

राजेंद्र हसला. "शीले, मरायची हौस बघ केवढी."

"तुला काय कळतंय. तू नुसता शेपटाचा माणूस."

सगळे हसले, ती हसली नाही. मी तिला वर्गात कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. आता मागत होती ते एवढंच होतं. पुष्करनं चष्मा पुसला आणि आपली अट सांगितली. आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड होणार. मारणाऱ्यांचे श्वास, पोशाखाचं घासणं, सगळं खरं हवं. म्हणजे डबा नाही.

"साईं, ये नहीं जमेगा," हरेशभाई म्हणाले. "अंदर वो अंधी है."

"हरेशभाई, जमेल," शीला म्हणाली. "आकडे मोजून करू."

ते दोन आठवडे तालीम करत राहिले. शीला वाकून मनात आकडे मोजायची, गंधारचा पाइप तिच्या डोक्यावरून जायचा, मग ती उठायची आणि बाकीचे तुटून पडायचे. गंधार सुरुवातीला घाबरत मारायचा. शीलानं त्याला बाजूला नेऊन सांगितलं, "अरे, मला कुरवाळू नकोस. लोकांना दिसतं ते." मग तो नीट फिरवू लागला. बाकीच्यांची दांडकी फोमचीच राहिली, पण गंधारचा पाइप ॲल्युमिनियमचा झाला, कारण हवेतून जाताना त्याचा आवाज यायला हवा होता.

शूटिंग शुक्रवारी ठेवलं. आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. शेजारच्या शेडमधे पत्र्याची पिंपं ठोकतात, ती त्या दिवशी बंद असते. सकाळी मीही गेले होते, कारण गंधारच्या शेवटच्या वाक्यावर अजून खल चालू होता. शीला पोशाखात शिरली, हरेशभाईंनी चेन लावली आणि नेहमीप्रमाणे तिच्या फोमच्या डोक्यावर टपली मारली.

शॉट सुरू झाला. उल्कासुर तिरका चालत आला. त्यानं एका गडकऱ्याचा गळा धरून उचललं आणि फेकलं, दुसऱ्याचं डोकं खांबावर आपटलं. राजेंद्र मागून आला, त्याला कोपरानं उडवलं. शेडमधे फक्त श्वासांचा आणि पावलांचा आवाज होता. मग गंधार समोर उभा राहिला. शीला वाकली. गंधारनं दोन्ही हातांनी पाइप मागे घेतला.

आणि शेजारच्या शेडमधे कुणीतरी पत्र्यावर दोन ठोके मारले.

कुणाची तरी अडलेली ऑर्डर होती म्हणे, म्हणून सुट्टीच्या दिवशी एक माणूस येऊन काम करत होता. आम्ही सगळ्यांनी कपाळाला नुसत्या आठ्या घातल्या, टेक खराब झाला म्हणून. शीलाचं डोकं आकडे मोजत असेल. पण शरीरानं दोन ठोके ऐकले आणि ते उठलं. डब्याऐवजी कातड्याच्या हलगीची सवय असती, तर त्या पिंपाच्या आवाजानं शीला हललीही नसती.

पाइप मान आणि खांदा यांच्यामधे बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. उल्कासुर क्षणभर तसाच उभा राहिला, मग त्याचा एक गुडघा गेला, मग दुसरा, आणि तो हात न टेकता तोंडावर पडला. इतकं भयंकर मरण मी शुक्रगडात पाहिलं नव्हतं. पुष्करनं हात वर केला, चालू ठेवा म्हणून. गंधारच्या मात्र लक्षात आलं होतं. पाइप हातात वेगळा लागला होता. तो तोंड उघडं टाकून उभा होता. त्याचं वाक्य आलंच नाही.

ठरल्याप्रमाणे बाकीचे धावले. पाठीवर, कमरेवर, डोक्यावर दांडकी पडू लागली. दांडकी फोमची होती, पाय फोमचे नव्हते. बरगडीत लाथा बसल्या. कुणीतरी मोडलेल्या खांद्यावर टाच दाबली. उल्कासुर हलत नव्हता, आणि तो जितका हलत नव्हता तितका त्यांना जोर चढत होता, कारण शीला किती छान मेली आहे असंच प्रत्येकाला वाटत होतं.

हरेशभाईंना डाव्या नाकपुडीतून रक्त येताना दिसलं. रक्ताच्या पिशव्या त्यांनी स्वतः बसवल्या होत्या, आणि नाकपुडीत एकही नव्हती. शीलाला बाहेरचं दिसायचं ते तेवढ्याच जागेतून. एवढा जड, गुडघे दुखणारा माणूस कॅमेऱ्यासमोर धावत आला आणि तिच्या अंगावर आडवा पडला. दोन दांडकी आणि एक लाथ त्यांनाही बसली, तेव्हा कुठे सगळे थांबले.

चेन अडकली होती. हरेशभाईंनी खिशातून फोम कापायची सुरी काढली आणि आपणच शिवलेला पोशाख मानेपासून शेपटापर्यंत चिरला. आत शीला रक्तानं भरलेलं तोंड उघडून श्वास ओढत होती. तिनं जीभ चावून फाडली होती. गळ्याचं हाड कातडीखालून वर आलेलं दिसत होतं. "साईं, साईं," एवढंच ते म्हणत राहिले.

जिभेला टाके पडले, हाडाला पट्टी बसली, दोन बरगड्यांना तडे गेले होते. बेलवलीला शीलाच्या घरी मी गेले, तेव्हा सुंदराबाई पेज गाळत होती. "बाई, मीच हलगी नको म्हणाले," ती हळूच म्हणाली. "कातड्याचा आवाज वेगळा असतो. तिला कळलं असतं."

आतून शीलाचं जडावलेलं बोलणं आलं. "आई, हलगी असती तर मी आत शिरलेच नसते. पेज आण."

पुष्कर मोसंबी घेऊन आला. स्टुलावर बसला. मग म्हणाला, "ते फुटेज मी वापरणार नाही. शेवट बदललाय. उल्कासुर यानात बसून निघून जाईल, नुसती सावली दाखवू."

शीलानं उठायचा प्रयत्न केला आणि कळ येऊन पुन्हा टेकली. "का?"

"तुम्हाला खरोखर मारलंय त्यात. मी हात वर करून चालू ठेवा म्हणतोय. ते मी लोकांना कसं दाखवू?"

"लाज तुम्हाला वाटते. काम माझं पुसताय."

"शीलाताई, तसं नाही."

"तसंच आहे. हाड मोडलं ते मोडलं. आता ते फुकट घालवायचं? मी मेलेय त्यात. इतकं चांगलं मी पुन्हा मरणार आहे का?"

मला दोघांचंही बरोबर वाटत होतं. सुंदराबाई दारातून म्हणाली, "सर, तिला ते एकदा दाखवा तरी. बघूनही हवं म्हणाली, तर मग तुम्ही दोघं बघा काय ते."

चिखलोलीच्या एका नव्या इमारतीत भाड्याच्या फ्लॅटमधे एडिटिंग चालायचं. गळ्यात झोळी अडकवून शीला तिथे गेली. बरोबर मी आणि हरेशभाई होतो. पुष्करनं पडद्यावर शॉट लावला. हरेशभाई भिंतीकडे तोंड करून बसले. "मैं नहीं देखेगा."

शीला मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. उल्कासुर चालत आला, गळा धरला, फेकलं. "इथे पाय चुकलाय," ती पुटपुटली. मग पाइप आला. तिची पापणीही हलली नाही. उल्कासुर गुडघ्यांवर आला, पडला. ती हसली. "बघा. असं कुणी मरतं का? खोटं कुठे दिसतंय?"

"अजून आहे," पुष्कर म्हणाला.

बेशुद्धीतलं तिला काही आठवत नव्हतं, आणि आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर माणसं तिच्यावर तुटून पडली. पडलेल्या अंगाला धक्के बसत होते, डोकं फरशीवर इकडून तिकडे होत होतं. मोडलेल्या खांद्यावर टाच दाबणारा राजेंद्र होता. त्याचे दात दिसत होते. त्यानं टाच फिरवली, मागे आला, आणि पळत येऊन बरगडीत लाथ घातली. तालमीत ती लाथ नव्हती.

"थांबवा," शीला म्हणाली.

पडदा थांबला. राजेंद्रचा पाय हवेत होता. ती त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. पुष्करनं काही विचारलं नाही. त्याबद्दल मला तो आवडला.

"पाइप ठेवा," ती शेवटी म्हणाली. "पडणं ठेवा. त्यानंतरचं सगळं काढा."

"म्हणजे ठेचणं नाही? तो माझा शेवट होता."

"पडलेल्याला मारलं तर पोरं उल्कासुराच्या बाजूनं होतील. शुक्रगड वाईट दिसेल."

पुष्करनं चष्मा पुसला. "एकच शॉट ठेवायचं ठरवलं होतं."

"कापा. तुम्ही माझं सगळंच कापायला निघाला होतात."

त्यानं पडदा बंद केला. मग म्हणाला, "पाइप लागताना मी आवाज काढून टाकेन. तो आवाज मला ठेवता येणार नाही. तेवढं माझं ऐका."

तिला ते पटलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिनं मान हलवली. पडल्यानंतर काय दाखवायचं हा प्रश्न उरला. त्या शुक्रवारी शॉट सुरू व्हायच्या आधी सगळे गडकरी दांडकी खाली धरून वाट बघत उभे होते, तेवढा एक तुकडा कॅमेऱ्यात होता. तोच लावला. उल्कासुर पडतो आणि त्याला मारायला आलेले नुसते उभे राहतात, असा शुक्रगडचा शेवट झाला.

शेवटचा भाग लागला, तेव्हा बेलवलीच्या त्या दोन खोल्यांत इमारतीतली निम्मी पोरं येऊन बसली होती. शीलानं राजेंद्रला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्या शुक्रवारनंतर तो इस्पितळातही आला नव्हता, घरीही नाही. दाराशीच टेकून उभा राहिला. एरवी उल्कासुराला मार पडू लागला की सुंदराबाई स्वयंपाकघरात जायची. त्या दिवशी ती लेकीच्या बाजूला बसली.

पाइप आवाज न करता बसला. उल्कासुर पडला, आणि सुंदराबाईनं पदर तोंडात धरला. माणसं दांडकी खाली धरून उभी राहिली आणि नावं वर सरकू लागली. एका पोरीनं विचारलं, "आजी, मेला का तो?"

"मेला," सुंदराबाई म्हणाली. "जा आता घरी. आया वाट बघत असतील."

पोरं गेली. राजेंद्र अजून दारातच होता. नावं संपेपर्यंत तो पडद्याकडे बघत राहिला.

"माझं सगळं काढलंत," तो म्हणाला.

"हो."

"मला कळलं नव्हतं शीले. आई शप्पथ. मला वाटलं तू ॲक्टिंग करतेयस."

"माहितीय मला." तिनं चांगल्या हातानं टीव्ही बंद केला. "तुझ्या जागी मी असते तर मीही मारलं असतं. जोरात मारलं असतं."

"मग काढलं कशाला?"

सुंदराबाई उठून आत गेली, गॅस पेटल्याचा आवाज आला.

"तालमीत ती लाथ नव्हती, राजू," शीला म्हणाली.

आतून सुंदराबाईनं दोघांसाठी ताटं मांडल्याचं सांगितलं. राजेंद्रनं चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत यायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर शीलानंही त्याला ये म्हटलं नाही.